मदत हवी आहे : ६६ची मस्टँग, एक्सप्लोररचा मागचा अ‍ॅक्सल

मंडळी, माझी १९६६ची फोर्ड मस्टँग मुळात सहा सिलिंडरची. न्यू जर्सीतल्या गॅरेजात तिला ३०२ व्ही-८ (३०२ घनइंची, आठ सिलिंडरचं इंजिन) आणि पाच गिअर्सचा टी-५ बॉक्स बसवला, पण मागे अजून तोच ७.२५ इंची अ‍ॅक्सल (इंच म्हणजे आतल्या मोठ्या गिअरचा व्यास). जरा जोरात क्लच सोडला की मागून कुरकुर. चूक माझीच, आधी मागचं बघायला हवं होतं.

फोर्डचा ९ इंची अ‍ॅक्सल खिशाला झेपेना, म्हणून भंगारवाल्याकडून १९९८च्या एक्सप्लोररचा (फोर्डची एसयूव्ही) ८.८ इंची आणला : शाफ्टला ३१ स्प्लाइन (टोकाचे खाचदार दाते), डिस्क ब्रेक, शिवाय चाकाचे पाच बोल्ट व्ही-८ मस्टँगसारखेच. अडचण रुंदीची, हा मस्टँगला जास्त रुंद पडतो. लांब बाजूची नळी कापून दोन्हीकडे आखूड शाफ्ट घालतात, हे ठाऊक आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं नळी वाकली तर? जिग (नळी सरळ धरून ठेवणारा साचा) भाड्यानं न घेता कुणी सरळ राखली आहे का?

दुसरं, पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या बैठका गाडीचं वजन चाकांवर टाकूनच टाचायच्या (वेल्डिंगचे ठिपके देऊन तात्पुरत्या जोडायच्या) ना? आणि पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट जोडतात तो अ‍ॅक्सलमधला छोटा गिअर) कोन किती ठेवलात? प्रॉपेलर शाफ्टचं माप त्यानंतरच घेईन.

बायको विचारतेय, गॅरेजात तिची गाडी कधी लागणार. लवकर सांगा!