वाहतूक परवाना कोणाच्या हातात, ते आधी बोला

रानवाटा: काल इथे एकानं लिहिलं, "गावाच्या ताब्यात जंगल दिलं की दहा वर्षांत बोडकं." वाचून राहवलं नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल गावानं मिळून वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला. बांबू विकायला निघाले, तर माल जंगलाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातं देईना. का, तर म्हणे बांबू हे झाड, त्यावर हक्क खात्याचा! २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल अशा मालात, स्पष्ट लिहिलाय. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले, परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला दिलं, तेव्हा कुठे माल हलला. विकायचा हक्क नसेल तर लोकसहभाग म्हणजे नुसती मजुरी.

वनपाल_निवृत्त: ते मीच लिहिलं, आणि अजूनही म्हणतो. दरवेळी मेंढाच का? तेंदूला, म्हणजे विडीच्या पानाच्या झाडाला, भरपूर पालवी फुटावी म्हणून आग कोण लावतं? मोहफुलं दिसावीत म्हणून पाला कोण पेटवतं? आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढून आमची हाडं झिजली.

गोंडपिपरीकर: चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला जाऊन बघा. २०१२ मध्ये हक्क मिळाला आणि ग्रामसभेनंच तेंदू तोडणं बंद केलं. छाटणी नाही, आग नाही, फळं पाखरांना. सगळ्याच गावांनी हे करावं.

धानोऱ्याची_लेक: सगळ्यांनी? पाचगावला बांबू आहे म्हणून परवडतं! माझी आई मे महिन्यात पहाटे अंधारातच रानात जायची. दुपारी पानं जुळवायची, सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायची. कंत्राटदाराचा माणूस "पानं कमी" म्हणून पुडे बाजूला टाकायचा आणि तेच पुडे पुन्हा त्याच्याच गोणीत जायचे. माझी पुस्तकं त्या पैशातून आली. तेंदू बंद करा हे पोट भरलेल्यांनी सांगू नये.

गोंडपिपरीकर: पोट भरलेले कोणाला म्हणता? पाचगावची माणसंही मजुरीवरच जगत होती.

धानोऱ्याची_लेक: मग त्यांचा निर्णय त्यांचा. आमच्या ग्रामसभेवर लादू नका.

वनपाल_निवृत्त: बघा, तुमच्यातच एकमत नाही, आणि जंगल सांभाळणार!

रानवाटा: साहेब, भांडण ग्रामसभेत होतंय, हेच हवंय. तुमच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीत, म्हणजे गाव आणि वनखातं यांच्या समितीत, सचिव खात्याचा, हिशेब खात्याचा. तिथे कोण भांडणार होतं?

वनपाल_निवृत्त: सचिवाचं खरं आहे, नाकारत नाही. पण आगीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

धानोऱ्याची_लेक: मी देते. तेंदूच्या लिलावाच्या करारातच लिहा: आग लागली तर कंत्राटदाराची अनामत जप्त. आग फक्त गावकरीच लावतात, असं समजू नका.