‘१६ जीबी आहे, आता व्हर्च्युअल मेमरी बंद करा’ या सल्ल्याला सविस्तर उत्तर

धागाकर्ता

काल वाचलेल्या एका लेखात असे विधान होते, की व्हर्च्युअल मेमरी म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर उसनी घेतलेली जागा, आणि १६ जीबी रॅम असलेल्या यंत्रात ती बंद केली की प्रत्येक प्रोग्रामला ‘खरी’ मेमरी मिळते. लेखाखाली अनेकांनी सहमती नोंदवली आहे, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतो आहे.

डिस्कवरच्या त्या जागेला स्वॅप किंवा पेज फाइल म्हणतात आणि ती बंद करता येते. व्हर्च्युअल मेमरी बंद होत नाही, कारण प्रोग्राम ज्या पत्त्यावर वाचतो-लिहितो तो रॅममधला पत्ता नसतोच. आजच्या ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर साधारणपणे पत्त्याचे ४८ बिट वापरात असतात. त्यांतले शेवटचे १२ बिट ४ केबीच्या पेजमधली (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यातली) नेमकी जागा सांगतात, आणि उरलेले ३६ बिट नऊ-नऊच्या चार गटांनी पेज टेबलाच्या (प्रोग्रामचा पत्ता रॅममधल्या जागेशी जोडणाऱ्या तक्त्याच्या) चार पातळ्या उतरत जातात. तळाशी रॅममधली एखादी चौकट (एका पेजएवढी जागा) हाती लागते, किंवा काहीच लागत नाही आणि पेज फॉल्ट होऊन प्रकरण कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, जाते.

ज्यांना हे पुस्तकी वाटते त्यांनी दहा ओळींचा प्रोग्राम लिहून पाहावा. एका चलात ५ ठेवावेत, फोर्क करावे (चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, प्रत काढावी), त्या प्रतीने म्हणजे चाइल्ड प्रोसेसने त्याच चलात ७ लिहावेत, आणि मग दोन्ही प्रोसेसनी चलाचा पत्ता व किंमत छापावी. पत्ता दोन्ही ओळींत शेवटच्या अंकापर्यंत तोच येतो. किंमत मात्र एकीकडे ५ आणि दुसरीकडे ७ दिसते. रॅममधल्या एका जागी एकाच वेळी दोन किमती राहत नाहीत. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पत्ते आणि रॅम एकच मानण्याची ही गल्लत मला एकदा महागात पडली आहे. चित्रांवर प्रक्रिया करणारा आमचा एक ३२ बिटी प्रोग्राम ६०० एमबीचा सलग तुकडा मागताना ‘मेमरी संपली’ म्हणून बंद पडत असे. वरिष्ठांनी रॅम वाढवायला सांगितले. ४ ची ८ जीबी केली, प्रोग्राम पुन्हा त्याच ओळीवर पडला, आणि शेजारच्या खिडकीत ५ जीबी मोकळी दिसत होती. विंडोजवर अशा प्रोग्रामच्या वाट्याला मुळात २ जीबीचेच पत्ते येतात आणि त्यांत डीएलएल (प्रोग्रामला जोडलेल्या लायब्ररींच्या फाइली) ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या. सर्वांत मोठी सलग मोकळी जागा ४०० एमबीचीही नव्हती. चणे होते, दात नव्हते. रॅम कितीही वाढवली असती तरी पत्त्यांची ती जागा एका बाइटनेही वाढली नसती. या शोधात तीन आठवडे गेले.

हिशेबनीस

तपशील बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. तुम्ही ज्या लेखावर तुटून पडला आहात, त्याने इतिहासाला धरूनच लिहिले आहे. मँचेस्टरच्या ॲटलस यंत्रात १९६२ साली ही कल्पना आली तेव्हा १६ हजार शब्दांची कोअर मेमरी (त्या काळची रॅम) आणि ९६ हजार शब्दांचे ड्रम (संथ चुंबकीय साठा) मिळून प्रोग्रामरला एकच सलग साठा दिसावा, हाच हेतू होता. म्हणजे संथ आणि स्वस्त साठ्याला मेमरीचे रूप देणे, हाच व्हर्च्युअल मेमरीचा जन्म आहे. मग सामान्य वाचकाने तिला ‘डिस्कवरची रॅम’ म्हटले तर एवढे रागावण्याचे कारण काय?

शिवाय सर्व्हरची खरेदी करताना मला पत्ते मोजावे लागत नाहीत, रॅम मोजावी लागते. प्रोग्रामने ज्या पेजला हात लावला ते पेज शेवटी कुठेतरी बसवावेच लागते. आमच्याकडे देखरेखीच्या यंत्रणेत कोणीतरी व्हीएसझेडवर (प्रोसेसने राखलेल्या एकूण पत्त्यांच्या आकड्यावर) धोक्याची घंटा लावून ठेवली होती. चाचणीसाठी ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) लावलेला एक प्रोग्राम चालू केला, त्याने सुमारे २० टीबीचे पत्ते राखून ठेवले, आणि पहाटे तीन वाजता मला उठवण्यात आले. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा तो प्रकार होता. म्हणून म्हणतो, की ॲड्रेस स्पेस (प्रोग्रामच्या वाट्याला आलेले सगळे पत्ते) ही कागदावरची गोष्ट आहे; व्यवहारात रॅम हेच सत्य.

धागाकर्ता

ॲटलसचा मुद्दा खरा आहे, पण इतिहास तिथे थांबत नाही. पीडीपी-११ ही जुनी संगणक-मालिका घ्या. तिचा पत्ता १६ बिटी, म्हणजे एका वेळी ६४ केबीच आवाक्यात; आणि त्याच कुळातल्या पीडीपी-११/७० मध्ये भौतिक मेमरी ४ एमबीपर्यंत बसवता येत असे. तिथे मेमरी पत्त्यांपेक्षा कितीतरी मोठी होती. पत्त्यांचे रूपांतर लागत होते ते अनेक प्रोग्राम एकमेकांना धक्का न लावता त्या मेमरीत नांदावेत म्हणून, डिस्क उसनी घ्यावी म्हणून नव्हे. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये हेच पुन्हा घडले. पीएईमुळे (भौतिक पत्ता रुंद करणाऱ्या प्रोसेसरच्या सोयीमुळे) भौतिक पत्ता ३६ बिटांचा झाला, यंत्र ६४ जीबी पेलू लागले, आणि प्रत्येक प्रोसेसची ॲड्रेस स्पेस होती तेवढीच, ४ जीबीची, राहिली. मोठे कोण हे दोन्ही बाजूंनी बदलत आले असेल, तर एक आकडा दुसऱ्याचे मोजमाप कसा होईल?

तुमची पहाट ज्याने खराब केली त्यानेही हीच गल्लत केली होती. तो पत्ते मोजत होता आणि त्याला वाटत होते की आपण रॅम मोजतो आहोत.

सूक्ष्मनियंत्रक

मी ज्या चिप्सवर काम करतो त्यांत एमएमयू (पत्त्यांचे रूपांतर करणारा हार्डवेअरचा भाग) नाही. तिथे पत्ता म्हणजे पत्ता. पॉइंटरमध्ये जे लिहिले आहे ते तारांवर जसेच्या तसे जाते. ‘प्रोग्रामचा पत्ता रॅममधला नसतोच’ हे सरसकट विधान म्हणून चुकीचे आहे, आणि नवशिके ते पाठ करतात याचा मला त्रास होतो. एक भर मात्र घालतो. भौतिक पत्ता म्हणजे रॅम, हेही खरे नाही. त्याच पत्त्यांच्या ओळीत टायमरची आणि पोर्टची रजिस्टरे बसलेली असतात. ४ जीबी रॅम लावलेल्या ३२ बिटी विंडोजला तीन ते साडेतीन जीबीच दिसत असे, त्याचे कारण वरचे पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांनी अडवलेले असत.

रात्रपाळी

तुम्ही सगळे ॲड्रेस स्पेसचे गुणगान करता आहात, पण या ‘पत्ता आधी, मेमरी नंतर’ पद्धतीची किंमत कोण मोजतो ते बोलत नाही. लिनक्सवर मॅलॉक (मेमरी मागण्याचे फंक्शन) होकार देते आणि पेजला हात लागेपर्यंत कर्नल एक चौकटही बाजूला काढत नाही. दोन वर्षांपूर्वी एका रात्री अहवाल काढणाऱ्या एका प्रोग्रामने मेमरी खात खात सर्व्हर भरला. कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने) गुण मोजले आणि मारला कोण, तर डेटाबेस, कारण सर्वांत जास्त मेमरी त्याच्याकडे होती. ज्याने गुन्हा केला तो जिवंत राहिला. मॅलॉकने वेळेवर नकार दिला असता, तर अहवालाचा प्रोग्राम त्रुटी नोंदवून थांबला असता आणि मला सकाळपर्यंत डेटा सावरत बसावे लागले नसते. ओव्हरकमिट, म्हणजे असलेल्या मेमरीपेक्षा जास्तीचा वायदा करणे, हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे. विंडोजमध्ये कमिटची (केलेल्या वायद्यांची) मर्यादा रॅम आणि पेज फाइल यांच्या बेरजेएवढी असते आणि ती संपली की स्पष्ट नकार मिळतो. ते प्रामाणिक आहे.

हिशेबनीस

अप्रामाणिकपणा म्हणणे अतिरेकाचे आहे. ४० जीबीच्या प्रोसेसने एक छोटा सहायक प्रोग्राम चालवायला फोर्क केले, तर काटेकोर हिशेबात आणखी ४० जीबी बाजूला काढावे लागतील, आणि कॉपी ऑन राइटमुळे (पेजवर लिहिले तरच त्याची प्रत काढण्याच्या पद्धतीमुळे) प्रत्यक्षात त्यांतली मोजकीच पेजे लागतील. तुम्हाला हा नकार रोज हवा आहे का? डेटाबेसच्या ओओएम-गुणांत उणे १००० ची दुरुस्ती केली असती तर कर्नलने त्याला हात लावला नसता. ती नोंद करणे तुमचे काम होते.

रात्रपाळी

माझे काम काय होते ते रात्रभर जागून मला कळले आहे. ते तुम्ही सांगण्याची गरज नाही. जो सर्व्हर मी उभारलेला नव्हता त्याची उणीव माझ्या माथी मारू नका. मुद्दा कर्नलच्या मूळ मांडणीतल्या वागणुकीचा आहे.

धागाकर्ता

दोघांनाही विनंती, की वैयक्तिक होऊ नये. ओव्हरकमिटचा विषय मूळ प्रश्नाला धरूनच आहे. पत्ता देणे आणि मेमरी देणे या दोन घटना वेगळ्या आहेत म्हणूनच त्यांच्यामध्ये वायदा शिरतो, आणि वायदा कुठवर करायचा हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः ठरवते. आता त्या लेखातला सल्ला याच जागी तपासून पाहा. ‘रात्रपाळी’ यांना हवा तसा काटेकोर हिशेब लिनक्सवर ओव्हरकमिटची सेटिंग २ वर ठेवून मिळतो. त्यात मर्यादा ठरते ती स्वॅप अधिक रॅमचा ठरावीक हिस्सा अशी, आणि तो हिस्सा मूळ मांडणीत ५० टक्के असतो. ६४ जीबीच्या यंत्रात सल्ल्याप्रमाणे स्वॅप बंद केले, तर ३२ जीबीचा वायदा होताच नकार सुरू होतील आणि निम्मी रॅम मोकळी दिसत राहील.

स्वॅप बंद केल्याने घासाघीसही (पेजे सतत टाकणे आणि परत आणणे) थांबत नाही. प्रोग्रामच्या कोडची पेजे मूळ फाइलवरून पुन्हा वाचता येतात, म्हणून कर्नल तीच आधी टाकून देते आणि लगेच पुन्हा आणते. स्वॅप शून्य असूनही डिस्कचा दिवा अखंड पेटलेला मी पाहिला आहे.

‘सूक्ष्मनियंत्रक’ यांचे म्हणणे मान्य आहे. ‘एमएमयू असलेल्या यंत्रांवर’ हे शब्द मी घालायला हवे होते.

हिशेबनीस

ओव्हरकमिट २ मधला ५० टक्क्यांचा भाग मला माहीत नव्हता. पडताळून पाहिला, बरोबर आहे. त्या लेखातला सल्ला चुकीचा आहे एवढे मी मान्य करतो, ॲड्रेस स्पेसचे महत्त्व मान्य करत नाही. खरेदीच्या वेळी मी आजही प्रोसेसची हात लावलेली पेजेच मोजेन. आरएसएसची (प्रोसेसच्या रॅममधल्या एकूण पेजांच्या आकड्याची) सरळ बेरीजही फसवते, कारण सामायिक लायब्ररीची पेजे प्रत्येक प्रोसेसच्या खात्यात पुन्हा मोजली जातात, म्हणून पीएसएस (सामायिक पेजे प्रोसेसमध्ये वाटून मोजणारा आकडा).

धागाकर्ता

एकच पेज दहा प्रोसेसच्या ॲड्रेस स्पेसमध्ये आहे आणि रॅममध्ये एकदाच आहे, हे तुम्ही आता स्वतःच लिहिले. माझा धागा एवढ्याचसाठी होता.

रात्रपाळी

ओव्हरकमिट २ चाचणीच्या सर्व्हरवर लावून पाहिले, हिस्सा ९० टक्क्यांवर नेला. अहवालाचा प्रोग्राम त्रुटी नोंदवून थांबला आणि डेटाबेस चालू राहिला. मात्र ‘हिशेबनीस’ म्हणतात त्याप्रमाणे बॅकअपच्या वेळचे फोर्क पहिल्याच फेरीत नाकारले गेले. आता स्वॅप वाढवून पुन्हा पाहणार आहे.