अनोळखी कारागिराची हँडमेड गिटार, मागतायत २८ हजार, पारखायची कशी?

धरमपेठकर

मंडळी जरा मदत पाहिजे. इथं नागपुरातच ओळखीच्या एका काकांकडून जुनी अकॉस्टिक गिटार घ्यायचा विचार करून राहिलो. आत लेबल आहे पण त्यावर हातानं लिहिलेलं एक नाव आणि खाली कोलकाता, बस एवढंच, कंपनी नाही मॉडेल नंबर नाही, नेटवर काही सापडत नाही. काका म्हणतात पूर्ण हँडमेड, वरचं लाकूड सॉलिड (एकसंध, प्लाय नाही) स्प्रूस आणि पाठ-बाजू शिसवीच्या. मागून राहिले २८ हजार. आवाज खरंच छान आहे, खालच्या तारा भरून येतात, फक्त वरच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) गेलं की बोटं दुखतात. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका दुकानात फोटो दाखवले तर तो म्हणे ब्रँड नाही तर किंमत नाही, यामाहा घेऊन टाका. मला ते पटलं नाही पण उत्तर पण देता आलं नाही. तर नाव माहीत नसलेल्या गिटारमधे नेमकं काय पाहायचं?

सरस-पटाशी

भाऊ, आधी हँडमेड हा शब्द बाजूला ठेवा. आपल्याकडं कारखान्यातल्या स्वस्त गिटारी पण बऱ्याचशा हातानंच जोडतात, त्यामुळे त्या शब्दाला वेगळे पैसे नाहीत. आवाज पण सगळ्यात शेवटी. आधी भूमिती बघा, कारण तार, नट (वरच्या टोकाची खाचांची पट्टी), सॅडल (खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) सगळं बदलता येतं पण नेक (दांडा) चुकीच्या कोनात बसली असेल तर ती काढून परत बसवावी लागते आणि ते काम गिटारीच्याच किमतीला भिडतं.

स्टेशनरीच्या दुकानातून दोन फुटी स्टीलची पट्टी आणा, सरळ आहे ना ते बघून. फ्रेटवर उभी धरा, नटपासून ब्रिजकडे (सॅडल ज्यात बसतं तो पोटावरचा लाकडी तुकडा). पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर अलगद टेकायला हवं, किंवा केसभर वर. ब्रिजच्या पोटात खाली जाऊन अडलं तर नेक पुढं झुकलेली आहे. मग सॅडल बघा, ब्रिजच्या वर किती उरलंय. ३ मिमीच्या आसपास किंवा जास्त उरलं असेल आणि तारा उंच असतील तर चिंता नाही, सॅडल घासून तारा खाली येतात. पण सॅडल आधीच घासून संपलंय आणि तरी तारा उंच, अशी गिटार फुकट दिली तरी दोनदा विचार करा. बाराव्या फ्रेटवर जाड ई (सगळ्यात जाड) तारेखाली साधारण २.५ मिमी, बारीक ई (सगळ्यात बारीक) खाली २ च्या जवळ असलं की हात सुखात राहतो.

दुसरं, आणि अनोळखी कारागिराच्या बाबतीत हे मी कधीच सोडत नाही: नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, त्याची दुप्पट करा. बारीक ई चं सॅडल त्या आकड्यापेक्षा दोनेक मिमी मागं हवं आणि जाड ई चं त्याहून थोडं अजून मागं, म्हणूनच सॅडल तिरकं असतं. ब्रिज चुकीच्या जागी चिकटवला असेल तर ती गिटार आयुष्यभर बेसूर बोलणार, ओपन कॉर्ड गोड आणि वर गेलं की कडू. ट्यूनर ॲपवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर दोन्ही जुळतात का ते लावून बघा, लगेच कळतं.

सॉलिड आहे का नाही ते साउंडहोलच्या (पोटावरच्या गोल भोकाच्या) कडेला दिसतं. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर सॉलिड, आडवे थर दिसले तर प्लाय. आणि शिसवी असेल तर तिला गावठी समजू नका, मार्टिन कंपनीनं १९६९ मधे ब्राझिलियन रोजवुड सोडून आपलं भारतीय रोजवुडच, म्हणजे शिसवीच, घेतलं.

नवतपा_आणि_तारा

वरच्या दादानं सगळं बरोबर सांगितलं पण नागपूरची गोष्ट राहून गेली. मले सांगा ही गिटार काकांकडं किती उन्हाळे राहिली? हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. कोलकात्याची हवा दमट, तिथं लाकडानं पाणी पिलेलं असताना कोणी पोटाला आतून ब्रेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवले असतील तर ते लाकूड आपल्या मे महिन्यात आडवं आकसते, ब्रेस त्याले आकसू देत नाही, मग चीर पडते. चांगला कारागीर वर्कशॉपच्या हवेतला ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवूनच हे काम करते. जी गिटार दोनतीन नवतपे (मे अखेरचे भट्टीसारखे नऊ दिवस) पाहून बिना चिरेची राहिली तिची परीक्षा झालेली आहे बाप्पा, ती परीक्षा दुकानातल्या नव्या गिटारीनं नाही दिलेली.

पाहायचं असं. नेकच्या दोन्ही बाजूनं बोट खालीवर फिरवा, फ्रेटची टोकं टोचत असतील तर फिंगरबोर्ड आकसला, धातू आकसत नाही म्हणून तो बाहेर येते. थोडं असेल तर कानशीनं निघते, घाबरू नका. मग पोटावर उजेड तिरपा पाडून पाहा, ब्रिजच्या मागं थोडं फुगलेलं ठीक आहे, पण साउंडहोलजवळ खड्डा पडला असेल तर गिटार वाळलेली आहे. आणि घेतल्यावर कूलरच्या हवेसमोर ठेवू नका, दिवसभर ओली हवा आणि कूलर बंद केला की पुन्हा भट्टी, यानंच जास्त नुकसान होते. केसमधे ठेवा, साबणाच्या डबीले छिद्रं पाडून आत ओला पिळलेला स्पंज, आणि स्वस्तातला हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा) टाकून ठेवा.

मिरजेचा_पाहुणा

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. विकायला गेलात तर बिननावाच्या गिटारीला पैसे कमीच येणार, यामाहाची एफजी ८०० दुसऱ्या दिवशी पण विकली जाते. पण तिचं सुद्धा फक्त वरचं लाकूड सॉलिड आहे, पाठ-बाजू लॅमिनेट म्हणजे प्लाय, हे तो सांगत नाही. आमच्या मिरजेत तानपुरा घेताना कोणी कंपनी विचारत नाही, कोणी लावला आणि जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा घासून साधलेला माथा) कशी बोलते ते बघतात, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते कारागिरीला मिळालं. गिटारचं नट-सॅडल म्हणजे तिची जवारीच, ती नीट नसताना आवाजावरून भाव ठरवू नका, चांगला पण नाही आणि वाईट पण नाही.

भावाचं मी असं धरतो: त्या पैशात नवी ब्रँडेड कोणती येते ते बघायचं, त्यातून लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि पुढं विकताना जे कमी येणार तेही वजा करायचं. वाजवायलाच घेत असाल आणि ती नव्यापेक्षा खरंच चांगली बोलत असेल तर हा शेवटचा आकडा लहान धरा.

धरमपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल पट्टी आणि टेप घेऊन गेलो होतो, काका पण उत्साहानं बघत बसले. नट ते बारावा ३२४ मिमी, बारीक ई चं सॅडल ६५०, जाड ई चं ६५२ च्या पुढं. पट्टी ब्रिजच्या माथ्यावर बरोबर टेकली. जाड ई खाली ३.३ मिमी आहे पण सॅडल वर ५ मिमी उरलेलं, म्हणजे बोटं त्याच्यामुळंच दुखत होती. साउंडहोलला रेषा खाली उतरतात, सॉलिड आहे. आत मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा घालून पाहिलं, ब्रेसची टोकं चिकटलेली, सरसाचे ओघळ नाहीत, चीर कुठं नाही. २०१९ पासून नागपुरातच आहे. एकच, ब्रिजच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात कागद घातला तर ३-४ मिमी आत जातो.

सरस-पटाशी

मग ही घ्याच. आकडे बघून वाटतंय बनवणाऱ्याला काम येत होतं. कागद आत जातो म्हणजे ब्रिज उचलायला लागलाय, हे भावात सांगा, २० ते २२ वर बोला, काकांना कागद घालून दाखवा म्हणजे वाद होणार नाही. घरी आणल्या आणल्या तारा सैल करा आणि वाजवायचा मोह आवरा, ताण असला की तो कोपरा रोज थोडा उचलतो आणि जाताना स्प्रूसचे तंतू घेऊन जातो. दुरुस्तीवाल्याला आधी विचारा की ब्रिज पूर्ण काढणार का नुसतं फटीत काहीतरी भरणार. भरणारा असेल तर उठून या. गरम करून पूर्ण काढायचा, दोन्हीकडचा जुना डिंक खरवडायचा, ब्रिजच्या खाली पॉलिश असेल तर तेही काढायचं कारण डिंक लाकडालाच धरतो, मग आतून लाकडी ठोकळा लावून क्लॅम्प, आणि एक दिवस हात लावायचा नाही. सॅडल त्यानंतरच घासायचं, आधी घासलंत तर ब्रिज बसल्यावर उंची परत बदलेल.