‘लागीर’, ‘बाधा’ आणि ‘चकवा’

सांगलीकरीण: आमच्या वाचनालयातल्या मुलांसाठी परदेशी भुताखेताच्या गोष्टी मराठीत करतेय. दोन ठिकाणी अडलेय. ‘व्हॅम्पायर’ला वेताळ म्हणू, की खवीस? आणि परग्रहावरचे लोक माणसाला घेऊन जातात, तिथं ‘लागीर झालं’ चालेल का? पलूसकडं आमच्यात हा शब्द सर्रास आहे.

माणदेशी: ताई, लागीर तिथं नको. लागीरमध्ये ‘लागणं’ आहे. बाहेरचं काहीतरी येऊन माणसाला चिकटतं, माणूस असतो तिथंच असतो. मला लहानपणी ताप आला की आज्जी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. मिरच्या जळूनही ठसका आला नाही की तिचा चेहरा उतरायचा. ‘दुपारचं हिरीवर गेलं हुतं, लागीर झालंय पोराला.’ हिरीवर आसरा, म्हणजे मूळच्या अप्सराच. ताप येतो तसं लागीर ‘होतं’, कुणी ते करत नाही. ‘झपाटलं’ म्हटलं की झपाटणारा कोण ते सांगावं लागतं. शिवाय कामानं झपाटलेल्या माणसाचं आपण कौतुकच करतो. ‘बाधा’ पुस्तकी, विषबाधेतलीच ती. आज्जीला खरी भीती वाटायची तेव्हा ती यातलं काहीच म्हणायची नाही, नुसतं ‘भायेरचं हाय’ म्हणायची.

आता व्हॅम्पायर. सर्बियाकडच्या समजुतीत पुरलेलं मढं स्वतःच उठतं. १७३२ साली ऑस्ट्रियाच्या लष्करी वैद्यांनी तिथली थडगी उकरून अहवाल लिहिला. फुगलेली प्रेतं, तोंडाशी रक्त. कुजताना हे होतंच, पण लोकांना ते पुरावा वाटलं. आपल्याकडं बहुतेकांचा देह जळतो, म्हणून आपली भुतं बिनदेहाची. वेताळ मढ्यात शिरतो खरा, पण ते मढं दुसऱ्याचं. खवीस अरबीतल्या ‘खबीस’वरून आला, अर्थ दुष्ट, अपवित्र, त्यात रक्त पिणं नाही. व्हॅम्पायरच ठेवा, मुलांना तो शब्द माहीत असतो.

परळीखोरे: आम्ही साताऱ्याचे. घेऊन जाण्याला ‘अपहरण’ लिहू नका, पोलीस ठाण्यात गेल्यासारखं वाटतं. ‘उचलून नेलं’ सरळ आहे. पण गोष्ट हरवलेल्या वेळेची असेल तर आपल्याकडं ‘चकवा’ आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात धुकं उतरलं की हातभर पुढचं दिसत नाही. माझे चुलते एकदा रात्रभर चालले आणि उजाडताना बघतात तर जिथनं निघाले त्याच दगडापाशी. पिशवीतली भाकरी तशीच, सोडायचं भानच राहिलं नव्हतं. दिशेची खूण दिसली नाही की माणूस गोल फिरतो, हे २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसं प्रत्यक्ष चालवून दाखवलं. चुलते मात्र शेवटपर्यंत ‘चकवा लागला’ असंच म्हणायचे.

सांगलीकरीण: अगदी हेच हवं होतं! माझी गोष्ट न्यू हॅम्पशायरच्या हिल दांपत्याची, १९६१ सालची. रात्री मोटारीनं निघाले, पहाटे घरी पोचले, मधल्या दोनेक तासांचा हिशेब लागेना. उचलून नेल्याचं वर्णन पुढं १९६४ मध्ये संमोहनाखाली बाहेर आलं. असं लिहू का? ‘घर गाठलं तेव्हा फटफटत होतं. मधले दोन तास त्यांना चकवा लागला होता.’

परळीखोरे: ‘दोन तास चकवा लागला’ कानाला खटकतं. चकवा वाटेत लागतो. ‘वाटेत चकवा लागला आणि दोन तास कुठं गेले ते कळलंच नाही’ असं करा.

माणदेशी: आणि ‘फटफटत होतं’ बदलू नका.