टेस्टरवर आठही दिवे लागतात, तरी पोर्ट १०० एमबीपीएसवर: दोष केबलचाच आहे का?

पॅनल_२४
४८ पोर्टचा मॅनेज्ड गिगाबिट स्विच आहे, केबल कॅट ६. दोन पोर्ट त्रास देतात. पोर्ट १२ वर लिंक १००० ऐवजी १०० वर येते. पोर्ट ३१ १००० वर आहे, पण मोठी फाइल कॉपी करताना सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या फ्रेमची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची मोजणी) वाढत जातात. साध्या पिंगला काहीच होत नाही. पॅच पॅनल ते भिंतीवरचा सॉकेट असा टेस्टर लावून पाहिला, १ ते ८ दिवे क्रमाने लागतात. नवी केबल ओढण्याआधी स्विचवरून काय तपासता येईल?

पीळदार_जोडी
केबल ओढायची घाई करू नका. दोष बहुतेक वेळा टोकांना सापडतो: पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी केबल), क्रिंप (प्लगमध्ये दाबून बसवलेल्या तारा) किंवा पंच (पॅनल-सॉकेटच्या खाचेत दाबलेल्या तारा).

१०० एमबीपीएसला फक्त पिन १-२ आणि ३-६ या दोन जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे १२ वर निळी (४-५) किंवा तपकिरी (७-८) जोडी तुटली असावी. वेग ठरवण्याची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच होतात, म्हणून लिंक येते. गिगाबिट जमलं नाही की बरेच स्विच आपणहून १०० वर उतरतात. समोरच्या उपकरणाचं कार्ड १०० वर बांधलेलं नाही ना, एवढं आधी बघा. आणि टेस्टर पॅनल ते सॉकेट लावलात, म्हणजे दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड तपासायच्या राहिल्याच.

स्विचमध्ये टीडीआर (केबलमधला दोष शोधणारी चाचणी) असेल तर तो चालवा. प्रत्येक जोडीत एक स्पंद सोडला जातो आणि तो परत यायला लागलेल्या वेळेवरून दोषाचं अंतर निघतं. सिस्को कॅटलिस्टवर ‘टेस्ट केबल-डायग्नॉस्टिक्स टीडीआर इंटरफेस’ आणि पुढे पोर्टचं नाव. काही सेकंद थांबून तीच ओळ ‘टेस्ट’ऐवजी ‘शो’ने. चाचणी चालू असताना लिंक तुटू शकते, तेव्हा चालू कामात करू नका. एसएफपी (बदलता येणारं मॉड्यूल बसवायच्या) पोर्टवर ती चालत नाही.

निकाल वाचताना एक सांभाळा. चारही जोड्या साधारण सारख्याच अंतरावर ‘ओपन’ (पुढे जोडलेल्या नाहीत अशा) असतील तर बहुधा पलीकडचं टोक नुसतं मोकळं आहे. एकच जोडी वेगळी दिसली तर तो खरा दोष. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असल्यामुळे लांबीत एखाद-दोन मीटरचा फरक पडतोच.

पॅनल_२४
टीडीआर केला. १२: ए, बी, सी ‘नॉर्मल’, डी ‘ओपन’, २ मीटरवर. ३१: चारही ‘नॉर्मल’. ३१ दोन्हीकडे ऑटो, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी डेटा).

पीळदार_जोडी
डी म्हणजे ७-८, तपकिरी. २ मीटर म्हणजे रॅकमधलीच पॅच कॉर्ड किंवा पॅनलमागचा पंच. कॉर्ड बदला, तरी ‘ओपन’ आलं तर पॅनलवर तपकिरी जोडी पुन्हा पंच करा.

क्रॉसटॉक_नको
३१ बद्दल. डुप्लेक्स जुळत नसता तर हाफ (आळीपाळीने एकाच दिशेने) असलेल्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली फ्रेमची टक्कर) आणि फुल असलेल्या बाजूला सीआरसी दिसले असते. इथे तो प्रश्न नाही. टीडीआरला तुटलेली आणि शॉर्ट झालेली तार कळते, एका जोडीतून दुसरीत झिरपणारा सिग्नल कळत नाही. दिवे लावणाऱ्या टेस्टरला तर तो मुळीच कळत नाही.

म्हणून आधी ३१ च्याही कॉर्ड बदला, एका वेळी एकच. फरक पडला नाही तर सॉकेट उघडा. पीळ १३ मिमीपेक्षा जास्त सोडलेला असेल तर कापून पुन्हा पंच करा. मग रंग बघा. ५६८बी या जोडणीच्या मानकाप्रमाणे पिन १ ते ८ चा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कुणी रंगजोड्या सरळ १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा दोन्हीकडे बसवल्या असतील तर टेस्टर आनंदाने पास करतो, पण ३-६ चा सिग्नल दोन वेगळ्या जोड्यांच्या तारांवर जातो आणि पीळ देण्याचा उद्देशच संपतो. लांबीही मोजा: पक्की केबल ९० मीटर, कॉर्ड धरून १०० च्या आत. एखादी तार खरवडून पाहा. आत पांढुरकी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती केबल काढाच, पीओईला (केबलमधूनच वीज देण्याला) तर ती अजिबात नको.

आणखी एक: स्विचवरचे सीआरसी म्हणजे उपकरणाकडून *आलेल्या* बिघडलेल्या फ्रेम. स्विचकडून जाताना बिघडलेल्या फ्रेमची मोजणी उपकरणाच्या कार्डावर होते. लिनक्स असेल तर ‘ईथटूल -एस’ने (मोठा एस) पाहा. प्रत्येक बदलानंतर ‘क्लिअर काउंटर्स’ करून मोठी फाइल दोन्ही दिशांनी पाठवा. पिंगनेच बघायचं असेल तर १४७२ बाइटचा पाठवा. लहान फ्रेममध्ये बिट कमी, म्हणून ती बहुधा सुखरूप पोचते. साधा पिंग तुम्हाला स्वच्छ दिसला तो त्यामुळेच.