एका भागात घरोघरी उद्योजक, दुसऱ्या भागात सगळे नोकरदार, असं का होतं?

उंबरठा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मी अर्थशास्त्र शिकवते. परवा वर्गात एका मुलीने विचारलं की मॅडम, देश एक, चलन एक, कायदेही बरेचसे सारखे, तरी एका भागात माणसं सहज धंद्यात उतरतात आणि दुसऱ्या भागात पिढ्यानपिढ्या कुणी त्या वाटेलाच जात नाही, हे कसं? मी पटकन बोलून गेले की तिथल्या लोकांची मानसिकताच तशी असते. ती गप्प बसली, पण चेहरा उतरला. नंतर लक्षात आलं की तिने ते "तुझ्या रक्तातच नाही" असं ऐकलं असणार. तेव्हापासून ते उत्तर मला टोचतंय. मानसिकता हे खरंच कारण आहे का परिणाम? आणि तिला मी काय सांगायला हवं होतं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुना_नकाशा:
माझ्या मते परिणाम जास्त. १९६१ मध्ये बेंजामिन चिनिट्झ या अर्थतज्ज्ञाने न्यूयॉर्क आणि पिट्सबर्गची तुलना केली होती, ती मुलीला नक्की सांगा. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचे अवाढव्य कारखाने आणि न्यूयॉर्कात तेव्हा कपडे शिवणारे छोटे छोटे असंख्य धंदे. आता मोठा कारखाना दुरुस्ती, वाहतूक, गोदाम सगळं स्वतःच्या आवारातच करून घेतो, त्यामुळे बाहेर सुटी कामं घेणारी माणसं तयारच होत नाहीत, आणि मग ज्याला नवीन काही सुरू करायचंय त्याला ही सगळी कामं आयती मिळत नाहीत, प्रत्येक गोष्ट स्वतः उभी करावी लागते. बँकेचंही तेच, बड्या कंपनीची खाती सांभाळण्यात हयात गेलेल्या बँकरला अनोळखी छोट्या माणसाला कर्ज द्यायची सवयच नसते. आणि घरात बघा, वडील मोठ्या कंपनीत पगारदार असतील तर उधारी, माल, गिऱ्हाईक हे शब्द जेवताना मुलांच्या कानावर पडतच नाहीत. यात रक्ताचा संबंध कुठे आला?

पुढे अमेरिकेतल्या शहरांवर अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं, जुन्या खाणींच्या जवळ वसलेल्या शहरांत कंपन्या मोठ्या आणि नवे उद्योग कमी, आणि हा फरक कित्येक दशकं टिकला. म्हणजे जमिनीखाली काय सापडलं त्यावर तिथल्या नातवंडांची "मानसिकता" ठरली!

धागादोरा:
वरच्या प्रतिसादाला +१. मी कापडाच्या क्षेत्रात आहे म्हणून इटलीतल्या प्रातोचं उदाहरण देतो, माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. फ्लॉरेन्सजवळचं गाव, जुने लोकरी कपडे आणि चिंध्या पिंजून त्यातून परत सूत आणि कापड काढणारं. १९५० च्या आसपास तिथल्या मोठ्या गिरण्या अडचणीत आल्या, कामगार कमी केले आणि बऱ्याच मागांचं काय केलं तर ते त्याच कामगारांना विकले नाहीतर भाड्याने दिले. कालचा कामगार घराला लागून एक-दोन माग टाकून मालक झाला. पण एक माग घेऊन माणूस जगतो कसा? तर तिथे इंपान्नातोरे म्हणून एक मध्यस्थ असतो, तो ऑर्डर आणतो, सूत एकाकडून, विणकाम दुसऱ्याकडून, रंगाई तिसऱ्याकडून, फिनिशिंग चौथ्याकडून असं करून घेतो. विणकराने गिऱ्हाईक शोधायचं नाही, रंगाचं मशीन घ्यायचं नाही, फक्त विणायचं. तोच विणकर तेवढ्याच हिमतीने, तेवढ्याच हुशारीने दुसरीकडे गेला असता तर त्याला अख्खी गिरणी काढावी लागली असती, आणि ती त्याने कुठून काढली असती?

अर्धविराम:
कायद्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. नोकरी सोडून त्याच क्षेत्रात स्वतःचं काही काढता येतं का, यावर फार काही अवलंबून असतं. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात आठ जण शॉकली या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा सोडून बाहेर पडले, करारपत्राऐवजी एक-एक डॉलरच्या नोटांवर सह्या केल्या आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही इलेक्ट्रॉनिक चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. त्यातले नॉइस आणि मूर परत बाहेर पडले आणि १९६८ मध्ये इंटेल काढली, पुढच्याच वर्षी फेअरचाइल्डच्याच माणसांनी एएमडी, याही चिपच्याच कंपन्या. त्या आठांतलाच क्लायनर १९७२ मध्ये नव्या कंपन्यांत पैसे घालायच्या धंद्यात उतरला, म्हणजे पैसे देणारासुद्धा स्वतः त्यातून गेलेला. कॅलिफोर्नियात "सोडून गेलास तर स्पर्धेत उतरायचं नाही" असला करार १८७२ च्या कायद्यापासून सहसा रद्दच धरतात. अमेरिकेतच बॉस्टनकडे मात्र असे करार चालायचे, तिथे २०१८ च्या कायद्याने अशा बंदीची मुदत सहसा १२ महिन्यांपर्यंतच आणली. हाच एक फरक निर्णायक असं मी म्हणणार नाही, पण हुशार माणसं दोन्हीकडे होती हे नक्की.

मोजपट्टी:
थोडं वेगळं मत मांडतो. आधी मोजताय काय ते बघा. नोकऱ्याच नाहीत म्हणून हातगाडी लावणारा आणि संधी दिसली म्हणून कंपनी काढणारा, दोघांनाही उद्योजक म्हणून मोजलं तर गरीब भाग फार "उद्योजक" दिसतो. १९९९ पासून चाललेल्या ग्लोबल आंत्रप्रनरशिप मॉनिटर या पाहणीत गरजेपोटी आणि संधी दिसून असा फरक केला गेला तो त्याचसाठी.

पण संस्कृतीला एकदम मोडीत काढू नका. चीनमधलं वेंझोऊ बघा, डोंगराळ, शेतजमीन कमी, सरकारी गुंतवणूकही फारशी आली नाही, म्हणजे सुरुवात गरजेपोटीच. चीनमधलं वैयक्तिक व्यवसायाचं पहिलं लायसन्स १९८० मध्ये तिथल्याच बटणं विकणाऱ्या एका तरुणीला मिळालं. बँक उभी करत नव्हती तेव्हा नातेवाईक आणि ओळखीचे मिळून भिशीसारखे पैसे फिरवायचे. ही विश्वासाची सवय म्हणजे संस्कृतीच की! फक्त तिला दुसरी बाजूही आहे, २०११ मध्ये तिथली खाजगी उधारी अडकली तेव्हा कित्येक मालक कर्ज टाकून पळाले, आणि ओळखीवर पैसे दिलेल्या घरांना ते भोगावं लागलं.

उंबरठा:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. मोजपट्टी, संस्कृतीचं पटलं, पण तुमच्याच उदाहरणात ती सवय गरजेतून तयार झाली ना, आधीपासून रक्तात नव्हती. उद्या त्या मुलीला बोलावून माझं उत्तर चुकलं होतं हे आधी सांगणार आहे. मग तिला सांगेन की जो धंदा करावासा वाटतो त्यातली सगळी कामं एका कागदावर सुटी करून लिही आणि प्रत्येकापुढे लिही की हे आसपास कुणाकडून करून मिळतं का. जिथे रकाना रिकामा राहील, कदाचित तेच काम तिच्यासाठी असेल.

धागादोरा, एक विचारायचं राहिलं, जिथे असा इंपान्नातोरे नाही तिथे ते काम आधी कोण सुरू करतं?