ब्राम्सचा कॉन्चेर्तो आणि लगेच सेक्सटेट: ही जोडी जमते का?

आडवाट

इझाबेल फाउस्ट यांनी वाजवलेला जर्मन संगीतकार ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंदासाठीची रचना) महिनाभर ऐकतोय. सोबत संचालक डॅनियल हार्डिंग आणि माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा, हार्मोनिया मुंडी कंपनीची डिस्क, २०११. त्याच डिस्कवर पुढे ब्राम्सचाच जी मेजरमधला दुसरा सेक्सटेट, म्हणजे सहा वादकांची रचना, आहे: दोन व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो. जवळपास कॉन्चेर्तोइतकाच लांब. काही जणांना ही भरती वाटते. मला तर कॉन्चेर्तो कसा ऐकावा हे या सेक्सटेटमुळे कळलं.

कॉन्चेर्तोचा दुसरा भाग, संथ आडाज्यो, घ्या. सगळं सुंदर गाणं ओबो या फुंकवाद्याला दिलंय आणि एकल वादक सुमारे दोन मिनिटं व्हायोलिन हातात धरून उभा. सारासाते या त्या काळच्या व्हायोलिनवादकाने याच कारणासाठी हा कॉन्चेर्तो वाजवायला नकार दिला, असं सांगतात. फाउस्ट मात्र प्रवेश करतात त्या ओबोचं वाक्य मनात घोळवत असल्यासारख्या. हलक्या आवाजात, जागा न अडवता. हे बैठकीतलं वाजवणं आहे. मग सेक्सटेट सुरू होतो, व्हिओला शेजारच्या दोन स्वरांत हेलकावत राहतो, त्यावर व्हायोलिनची चाल वर चढते, आणि सहा जणांत मुख्य कोण हा प्रश्नच उरत नाही. त्यानंतर कॉन्चेर्तो पुन्हा लावून बघा.

खर्ज

सहमत नाही. सेक्सटेट १८६४-६५चा, कॉन्चेर्तो १८७८चा. मधल्या काळात पहिल्या दोन सिंफनी लिहून झाल्या होत्या आणि हा माणूस मोठ्या वाद्यवृंदासाठी विचार करायला लागला होता. १ जानेवारी १८७९ला लाइपझिगमध्ये ब्राम्सचा व्हायोलिनवादक मित्र योआखिमने हा कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजवला, ब्राम्स स्वतः संचालन करत होता. हे भरल्या सभागृहाचं संगीत आहे. पहिल्या भागात लांबलचक प्रस्तावनेनंतर व्हायोलिन डी मायनरमध्ये उसळून येतं, तिथे त्याच्यापुढे वाद्यवृंदाचा कडा उभा हवा. कडाच लहान केला तर चढाई कसली?

जोडी लावायचीच तर १८८७चा, व्हायोलिन आणि चेलोसाठीचा डबल कॉन्चेर्तो लावा. योआखिमच्या घटस्फोटात ब्राम्सने त्याच्या बायकोची बाजू घेतली, मैत्री तुटली, आणि ती सांधायला तो लिहिला. एकाच मित्रासाठी लिहिलेल्या दोन रचना! व्हायोलिनवादक ऑइस्त्राखने संचालक सेलबरोबर दोन्ही १९६९ साली क्लीव्हलंडमध्ये ध्वनिमुद्रित केल्या, डबलमध्ये चेलोवर रोस्त्रोपोविच. मला अजून तरी त्यापुढे जावंसं वाटलेलं नाही.

पाचवी_तार

मी सेक्सटेटच्या बाजूने भांडायला आले आहे. तुम्ही दोघंही त्याला कॉन्चेर्तोचा जोडीदार म्हणूनच मोजताय.

पहिल्या भागात व्हायोलिन ए-जी-ए-एच-ई हे स्वर वाजवतात (जर्मनीत आपल्या बी नॅचरलला एच म्हणतात). या अक्षरांतून एक नाव बनतं: आगाथे फॉन झीबोल्ड. गटिंगेनची ही मुलगी, जिच्याशी ठरलेलं लग्न ब्राम्सने १८५९ला मोडलं. नावातल्या टी या अक्षराला स्वर नाही, म्हणून ते राहून गेलं. इतकी खाजगी गोष्ट कॉन्चेर्तोच्या हंगेरियन ढंगाच्या धडाकेबाज शेवटानंतर लगेच ऐकवायची? कानात टिंपनीचे नगारे घुमत असताना तो व्हिओलाचा हेलकावा मला ऐकूच येत नाही. क्रम उलटा असता तर मी आडवाट यांच्याशी सहमत झाले असते. मी सेक्सटेट रात्री, एकटाच लावते.

आडवाट

पाचवी_तार, क्रमाचा मुद्दा पटला.

खर्ज, पण योआखिम फक्त सभागृहाचा वादक नव्हता. १८६९पासून तो बर्लिनमध्ये स्वतःचं चौकडी-पथक चालवत होता. ज्याच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला, तो आयुष्यभर तीन जणांचं ऐकत वाजवणारा माणूस होता. आणि या डिस्कवरचा कादेंझा, म्हणजे एकल वादकाचा एकट्याचा तुकडा, संगीतकार बुसोनीचा आहे, त्यात टिंपनी साथीला राहतात आणि शेवटाकडे तंतुवाद्यंही येतात. म्हणजे व्हायोलिनने अगदी एकटं वाजवायच्या ठिकाणीही फाउस्ट यांनी सोबत निवडली आहे.

खर्ज

नेमकं हेच मला खटकतं. ब्राम्सने ती जागा कोरी सोडली कारण ती योआखिमची होती. त्याने स्वतः लिहिलेला कादेंझा उपलब्ध असताना तिथे बुसोनीला का आणायचं? मित्राच्या घरात मित्रालाच बाहेर ठेवल्यासारखं आहे.

ओबोचं मात्र मान्य. त्या दोन मिनिटांत वाट पाहणारा वादक काय करत असेल, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आज आडाज्यो तेवढ्यासाठी पुन्हा लावतो. ऑइस्त्राखचाच.